लोवीनाच्या खणातली पिशवी

सकाळी काहील चुलीवर चढली तेव्हाच एल्वा श्लाबाखने मनाशी ठरवलं होतं, की आज हा विषय संपवायचा. सफरचंदं आटोत नाहीतर करपोत.

अंगणात, धूर येणार नाही अशा बाजूला, तिची खुर्ची टाकलेली. पायांवर गोधडी, हाताशी चार पायांचा वॉकर. वसंतात गोठ्याच्या पायरीवरून पडली आणि खुबा मोडला, तेव्हापासून हा वॉकर तिच्या मागे लागला होता. त्याला ती एनॉस म्हणायची. एनॉस म्हणजे तिचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झालेला. नाव का ठेवलं, तर तोही असाच, नको तिथे मधे उभा राहायचा आणि नसला की पाऊल टाकवत नसे.

वसंतातलं प्रभुभोजन तिचं हॉस्पिटलात हुकलं. आमच्या साल्ट रनच्या चर्चमध्ये वर्षाला दोनच भोजनं, एक वसंतात, एक पानं गळताना. आणि प्रत्येकाच्या आधी समेटाची सभा. त्या सभेत बिशप रांगेतून एकेकासमोर येतो, आणि त्याने विचारलं की तोंडाने म्हणावं लागतं, देवाशी आणि माणसांशी माझं समाधान आहे. एकाचं जरी अडलं तरी ताट सगळ्यांचं उचललं जातं. सभा उद्या होती. आणि अडणार होतं ते एल्वाच्याच घरात, लेकीचं, म्हणजे पाळकाच्या बायकोचं, आणि सुनेचं.

गुरुवारी बिशप ओरी गिंगरिच येऊन गेला होता. दोन तुकडे केक खाल्ला, तिसऱ्याला नको म्हणाला, आणि नको म्हटल्यावर खाल्ला. मग मिशी नसलेल्या ओठांवरून हात फिरवत हळूच म्हणाला, की पाळकाच्या घरातच दोघी बोलत नसतील तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने विचारू? पुढच्या वसंतापर्यंत थांबू या का?

 पण ऐंशी ओलांडलेल्या बाईने पुढचा वसंत गृहीत धरू नये, असं एल्वाचं मत होतं. हसत सांगायची, पण सांगायची. तिला या खेपेला भोजनाला बसायचं होतं, दोन्हीकडे दोघींना घेऊन. एवढंच मागणं होतं तिचं, बाकी तिने देवाकडे मागणं कधीच सोडलं होतं. तो ऐकायचा नाही असं नाही, पण उशीर फार करायचा.

"डेल्बर्ट," तिने मुलाला हाक मारली, "जाळ कमी कर. आणि बोलणं पण."

डेल्बर्ट तिचा धाकटा. दुभत्या गाई राखायचा आणि दिवसभर त्यांच्याशी बोलायचा, त्यामुळे माणसांशी बोलताना उत्तराची वाट पाहायची सवयच त्याला राहिली नव्हती. आत्ता तो बायकोबरोबर ढवळणीवर होता. सफरचंदाचं लोणी करणं म्हणजे एका माणसाचं काम नाही. नाव लोणी, पण त्यात लोण्याचा थेंब नसतो. रस आणि फोडी दिवसभर आटवायच्या, काळपट होईपर्यंत. ढवळणीचा दांडा लांबलचक, दोघांनी धरायचा, आणि हात क्षणभर थांबवायचा नाही. दोनदा कडेने, एकदा मधून. थांबला की तळ धरला, आणि तळ धरला की अख्खी काहील कडू.

दांड्याला दुसरा हात फर्नचा. फर्न कॅन्ससची. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, तरी साल्ट रनमध्ये अजून तिला कॅन्ससचीच म्हणतात. आमच्याकडे माणूस इथला व्हायला साधारण एक जन्म लागतो.

फर्नचं लक्ष ढवळण्यात नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. आत तिची नणंद लोवीना बाटल्या उकळत होती, आणि बाटल्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

या सगळ्याच्या मुळाशी होतं एक विरजण. गोड पावाचं. लोवीनाने ते जूनमध्ये पेन्सिल्व्हेनियातून, मावसबहिणीकडून आणलं. पिशवीत ठेवायचं, रोज पिशवी वरून दाबायची, फुगली की हवा काढायची, मधे एकदा मैदा, साखर, दूध घालायचं, आणि दहाव्या दिवशी पुन्हा तेच घालून चार वाटे करायचे. एक आपला, तीन दुसऱ्यांना. मग उरल्यासुरल्याचा दालचिनी घातलेला पाव. घेणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, फेकायचं नाही, आणि ज्याने दिलं त्यालाच परत करायचं नाही. परत केलं म्हणजे काय, तर तुझी मैत्री तुझ्यापाशी ठेव.

लोवीनाने पहिली पिशवी फर्नला दिली. गावात डझनभर मैत्रिणी असून फर्नला. फर्न त्या दिवशी गाडीत बसून रडली होती, आणि डेल्बर्टने विचारलं तर म्हणाली की गवताची ॲलर्जी. सोळा वर्षांत नणंदेने आपणहून दिलेली ती पहिली गोष्ट. त्यामुळे फर्नने विरजणाचा एक नियम मोडला नाही. दर दहाव्या दिवशी तीन पिशव्या, तीन घरं.

पण हिशोब कोणी केला नव्हता. चाराचे सोळा, सोळाचे चौसष्ट. चर्चमध्ये घरं चाळीससुद्धा नाहीत. जुलै संपता संपता प्रत्येक घरात पिशवी फसफसत होती, आणि फर्न हातात टोपली घेऊन चर्चमधून बाहेर आली की बायका पार्किंगमध्ये पळत होत्या. एकदा तर बिशपची बायको गाडीच्या मागे वाकून बसली आणि चाकाची हवा बघतेय असं सांगितलं. फर्नने जादाचं सगळं भाजून बघितलं. डेल्बर्टचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. तरी पिशव्या उरतच होत्या.

आणि मग ऑगस्टातला तो बुधवार, प्रार्थनासभेचा.

चर्चच्या दारापाशी भिंतीला लाकडी खणांचं कपाट आहे. घरटी एक खण, वर नाव. पत्रकं, निरोप, कोणाचं उसनं भांडं, सगळं त्यात टाकायचं. सभा संपल्यावर फर्न तिथे एकटी होती, हातात शेवटची पिशवी. आणि तिने जे केलं ते डेल्बर्टशिवाय कोणाला माहीत नव्हतं. उरलेल्या गावाला एवढंच दिसलं, की रविवारी पाळकाच्या बायकोचा खण फुटला.

ऑगस्टातला उकाडा, बंद चर्च, चार दिवस. हवा न काढलेली पिशवी फुगून फाटली आणि लोवीनाच्या खणातून खालच्या दोन खणांत उतरली. तिची डोकं झाकायची नवी कडक इस्त्रीची पांढरी टोपी त्यात होती, ती विरजणाने भरून वर आली, एखाद्या वाडग्यासारखी. पिशवीवर चिकटपट्टी, पट्टीवर फर्नच्या अक्षरात तारीख. मुलं हसली. मोठी माणसं भजनाच्या पुस्तकात तोंड घालून हसली. लोवीना हसली नाही. तिला परत केलं होतं. सगळ्या चर्चसमोर.

फर्नने त्याच दुपारी जाऊन माफी मागितली. लोवीना म्हणाली, माफ केलं. आणि तेव्हापासून एक शब्द नाही. माफ करणं आमच्यात भागच आहे, त्यामुळे लोक ते पटकन करून टाकतात आणि मग निवांत रुसून बसतात.

"तू सांगून टाक ना," डेल्बर्ट दांडा ओढत पुटपुटला. त्याचं पुटपुटणं कुंपणापर्यंत ऐकू जायचं.

फर्नने मान हलवली. ते सांगण्यासारखं नव्हतं. निदान या घरात नाही, जिथे क्लीटसभाऊ बसले होते.

क्लीटस नाइस्ली, लोवीनाचा नवरा, सफरचंदांच्या टोपल्यांपाशी उलट्या बादलीवर बसून दालचिनी कुटत होता. मोठा थोराड माणूस, सुताराचे हात, आवाज मात्र कोपऱ्यातून आल्यासारखा. साल्ट रनचा पाळक तो. पाळक व्हायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्याकडे पाळक कोणी शिकून होत नाही. चर्चने नावं सुचवायची, जितकी नावं तितकी भजनाची पुस्तकं मांडायची, एका पुस्तकात चिठ्ठी. प्रत्येकाने एकेक उचलायचं. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी, तो जन्मभर पाळक. पगार नाही, नाही म्हणायची सोय नाही. देवाचा कौल आहे तो. क्लीटसने दुसऱ्यांसाठी पुस्तकं सोडून उरलेलं उचललं होतं, चिठ्ठी आपल्याला लागू नये म्हणून, आणि तिथेच ती होती. बावीस वर्षं झाली. त्याची प्रवचनं अजून छोटी असतात, त्यामुळे लोकांचं त्याच्यावर प्रेम आहे.

दालचिनी कुटता कुटता क्लीटसला एक गोष्ट छळत होती. त्याच्या घरी दर दहा दिवसांनी दालचिनीचा पाव होत होता. सप्टेंबरपासून. आणि तो होण्यासारखा नव्हता, कारण लोवीनाचं विरजण जुलैतच मेलं होतं. दोघं प्रवचनांसाठी दोन आठवडे इंडियानाला गेले, परत आले तेव्हा पिशवीत गुलाबी बुरशी. लोवीनाने ती पुरली. क्लीटसने खिडकीतून बघितलं होतं, तिने खड्डा केला, माती लोटली आणि मग उगाच टोमॅटोला पाणी घातलं. कोणाला सांगितलं नाही. जिने गावभर विरजण वाटलं तिच्याच घरी ते मेलं, हे ती सांगणार कोणाला?

मग हा पाव कुठून येत होता? बावीस वर्षं पाळकपण केलेला माणूस बायकोला काय विचारायचं आणि काय नाही हे शिकतो. त्याने पाव खाल्ला आणि छान झालाय म्हणाला.

दुपार कलली. काहिलीतला रस दाट झाला, फट् फट् करत बुडबुडे उडायला लागले. ही वेळ अवघड. हात दुखून आलेले असतात आणि नेमकं आत्ताच थांबता येत नाही. एल्वा याच वेळेची वाट बघत होती.

"डेल्बर्ट, बस आता. तुझी पाठ गेलीय."

"माझी पाठ बरी आहे, आई."

"मी म्हणते गेलीय." तिने वॉकर आपटला. "लोवीना, बाहेर ये. दांडा धर."

लोवीना दारात आली. ओले हात ॲप्रनला पुसत तिने दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघितलं. "क्लीटस धरेल," ती म्हणाली.

"क्लीटसला प्रवचन तयार करायचंय."

"मला?" क्लीटस म्हणाला. मग सासूकडे बघून म्हणाला, "हो, मला करायचंय."

लोवीनाने दांडा धरला. काय करणार, काहील थांबू शकत नव्हती. दोघी ढवळायला लागल्या. दोनदा कडेने, एकदा मधून. गंमत अशी की हात अगदी जुळले. तोंडं दोन दिशांना, एक गोठ्याकडे, एक मक्याच्या शेताकडे, आणि मधे दांडा सरळ चाललेला.

एल्वाने त्यांना थोडं ढवळू दिलं. मग म्हणाली, "उद्या ओरी मला विचारणार. समाधान आहे का? मी काय सांगू?"

दांडा एकदा कडेने फिरला.

"लोवीना, तू सांग. तू मोठी."

"माझं काही नाही, आई. मी माफ केलंय."

"तसं माफ मी पण तुझ्या बापाला रोज करायची. जेवण वाढायची आणि ताट आपटायची." एल्वाने गोधडी नीट केली. "मला हे भोजन हुकवायचं नाही. मी भीक मागत नाही, सांगतेय. फर्न, तू तरी बोल. ती पिशवी तू तिच्याच खणात का टाकलीस? मुद्दाम?"

फर्नचा हात चालू होता. तिने एकदा क्लीटसकडे बघितलं, एकदा सासूकडे. डेल्बर्टने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मिटलं.

"मुद्दाम नाही," फर्न म्हणाली. "मला माहीतच नव्हतं कोणाचा खण आहे. मी डोळे मिटले होते."

"डोळे मिटून कोणी पिशवी टाकतं का?" लोवीना म्हणाली. दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य, आणि तेही गोठ्याकडे बघून.

"द्यायला घर उरलं नव्हतं, ताई. सगळ्यांकडे होतं. फेकायचं नाही म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत. मग मला कळेना. मी उभी राहिले कपाटासमोर, प्रार्थना केली, म्हटलं मी निवडत नाही, तूच निवड. आणि डोळे मिटून हात पुढे केला, जिथे लागला तिथे ठेवली. उघडून बघितलंसुद्धा नाही. तशीच पाठ फिरवून बाहेर गेले." तिचा आवाज लहान झाला. "चिठ्ठी काढतात तसं."

लोवीनाने दांडा सोडला.

काहिलीने लगेच फट् केलं. डेल्बर्ट उडी मारून आला आणि दांडा धरला, पण तो काही बोलला नाही. एवढ्यावरून समजा काय वातावरण होतं.

"चिठ्ठी?" लोवीना म्हणाली. "कणकेच्या पिशवीसाठी? ज्याच्यावर माणसं जन्म काढतात ती चिठ्ठी? हा इथे बसलाय तो बावीस वर्षं झोप मोडून प्रवचनं लिहितोय त्या चिठ्ठीपायी, आणि तू तिची थट्टा केलीस?"

"थट्टा नाही. म्हणून तर सांगितलं नाही मी. तुम्हाला थट्टाच वाटली असती."

"मग काय वाटायला पाहिजे?"

 फर्न ढवळत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण धूर तिच्याच बाजूला आला होता म्हणून सगळ्यांनी धूरच धरला.

एल्वा खुर्चीत मागे टेकली. तिला वाटलं, झालं, गेलं भोजन. आपणच उकरून काढलं आणि आपणच घालवलं. तिने वॉकरवर हात ठेवला, जणू तो काही बोलेल.

बोलला क्लीटस. बादलीवरून उठला नाही, मान वर केली नाही.

"मला थट्टा नाही वाटत," तो म्हणाला.

"तू मधे पडू नकोस," लोवीना म्हणाली.

"माझंच नाव निघालं म्हणून पडतो." त्याने खलबत्ता बाजूला ठेवला. "चिठ्ठी निघाली त्या दिवशी घरी येताना मी गाडी कडेला लावली होती. आठवतं? मी म्हटलं, चूक झाली असेल, मी नाही हे करू शकत, बिशपकडे जाऊन परत करतो. तू म्हणालीस, चिठ्ठी परत करत नाहीत. ती बरोबर घरी येते."

लोवीनाने त्याच्याकडे पाठ केली.

"ती पिशवी कुठल्या घरी गेली ते सांग, लोवीना. सगळ्या साल्ट रनमध्ये ज्या घरात नव्हतं, त्या घरी गेली का नाही?"

फर्नने डोळे पुसले. "तुमच्याकडे तर होतं. तुम्हीच तर आणलंत."

लोवीना तशीच उभी राहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात क्लीटसने तिला चारचौघांत कधी असं पकडलं नव्हतं, आणि तिला राग यायला हवा होता, पण तो येईना. ती खणासमोर ज्या रविवारी उभी होती तो तिला आठवत होता. सगळे हसत असताना तिच्या मनात अपमान नव्हता आला आधी. आधी आली होती भीती. हिला कळलंय. माझ्याकडचं मेलंय हे हिला कळलंय आणि ही मला दाखवून देतेय. अपमान नंतर, तो बोलायला सोपा म्हणून.

"मेलं होतं," ती शेवटी म्हणाली. "जुलैत. आम्ही इंडियानाला गेलो तेव्हा."

"अगं," एल्वा म्हणाली.

"तुला सांगितलं मरू देऊ नकोस म्हणून, आणि माझंच मेलं. टोमॅटोखाली पुरलं मी. आणि मग तुझी पिशवी माझ्याच खणात. मला वाटलं तू टोमणा मारतेयस."

"मला कुठे माहीत होतं?"

"आता कळलं मला ते." लोवीनाने नाक ओढलं. "टोपीत होतं ना साठलेलं, ते घरी नेलं. कोंबड्यांना घालायला. घरी पोचेपर्यंत ते पुन्हा फुगत होतं. बुडबुडे येत होते. जिवंत असलेलं कसं घालायचं कोंबड्यांना? मी पिशवीत भरलं, दूध घातलं. तेव्हापासून आहे."

"मग तोच पाव," क्लीटस म्हणाला.

"तोच. आणि तुला माहीत होतं, मेल्या, आणि तू खात होतास."

"छान झालेला."

डेल्बर्टला आता राहवेना. तो म्हणाला की म्हणजे दोन महिने तू हिच्याशी बोलत नव्हतीस आणि हिचंच विरजण रोज दाबत होतीस? गाईसुद्धा असं करत नाहीत. लोवीनाने त्याला गप्प बस म्हटलं, आणि मग स्वतःच हसायला लागली. तिचं हसणं विचित्र आहे, आधी खांदे हलतात आणि आवाज मागाहून येतो. फर्न बघत राहिली. सोळा वर्षांत लोवीना तिच्याबरोबर पहिल्यांदाच हसत होती आणि आपण हसावं का नाही हे तिला कळेना.

"वाटे कोणाला दिलेत मग?" तिने विचारलं. "दर वेळी तीन निघतात."

"कोणाला देणार? सगळ्यांकडे आहे. तुला द्यावं म्हटलं तर तू दिलेलं तुलाच परत कसं करायचं?" लोवीना हसता हसता थांबली. "भाजून भाजून फ्रीझर भरला. क्लीटसची पँट बघ."

क्लीटसने पँटकडे बघितलं नाही.

"मला एक पिशवी चालेल," एल्वा म्हणाली. "ढवळायला, दाबायला हात चांगले आहेत माझे. खाणार नाही मी. फार गोड असतो तो पाव, दात दुखतात. पण दाबेन."

"तळ," फर्न म्हणाली.

सगळ्यांनी काहिलीकडे बघितलं. बोलता बोलता डेल्बर्टचा हात मंदावला होता आणि मधोमध एक जाड, आळशी बुडबुडा वर येत होता. लोवीना दोन ढांगांत आली, भावाला कोपराने बाजूला सारलं आणि दांडा धरला. ओढून, खरवडून, दोघींनी मिळून तळ मोकळा केला. लोवीनाने थेंबभर बशीत घेऊन चाखलं. थोडं लागलं होतं. फार नाही. विकायला ठेवण्यासारखं नव्हतं, घरी खायला चालणार होतं.

"तुझ्या बाजूने लागलंय," ती फर्नला म्हणाली.

"तुम्ही दांडा सोडलात तेव्हा लागलंय."

लोवीनाने तिच्याकडे बघितलं. 

"हो," लोवीना म्हणाली, "तेव्हाच लागलं असेल," आणि ढवळायला लागली.

संध्याकाळी बाटल्या भरल्या, झाकणं टक् टक् वाजत बसली. भरताना निम्म्या गप्पा विरजणाच्या झाल्या आणि निम्म्या कॅन्ससच्या हवेच्या, आणि बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं या दोघींचं नेहमीच असं असतं.

दुसऱ्या दिवशी सभेला एल्वा थोडी उशिरा पोचली, वॉकरमुळे. बायकांच्या बाजूची तिसरी रांग श्लाबाखांची. ऑगस्टपासून लोवीना आणि फर्न तोंडं फिरवून बसायच्या आणि मधे एल्वा, भिंत असावी तशी. त्या जागेची तिला सवय झाली होती. दोन्हीकडून ऊब लागायची. आज ती आली, एनॉस टेकवून उभा केला आणि बघते तर मधे जागाच नाही. दोघी खांद्याला खांदा लावून बसलेल्या, एकाच पुस्तकात बघत, आणि लोवीना फर्नला काहीतरी कुजबुजून सांगत होती. फर्नने आईंना बघितलं आणि सरकायला लागली.

"राहू दे," एल्वा म्हणाली.

ती कडेला बसली, मधल्या वाटेला लागून. तिथे दाराचा वारा थेट मानेवर येत होता. बिशप ओरी वाटेने आला आणि कडेला होती म्हणून आधी तिच्याचसमोर थांबला. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पलीकडे दोघींकडे, आणि मग ठरलेला प्रश्न विचारला.

"देवाशी आणि माणसांशी माझं समाधान आहे," एल्वा म्हणाली, मागच्या रांगांपर्यंत जाईल अशा आवाजात. तिथे थांबायचं असतं. पुढे काही बोलायचं नसतं.

"फक्त," ती म्हणाली, "बसायला जागा कमी पडतेय."